एकनाथरावांच्या लाळेचा अहवाल

माणसाला पूर्वज निवडता येत नाहीत, असं शास्त्र सांगतं. शास्त्राला कुलवृत्तांत समितीचा अनुभव नसतो.

सोलापुरात सात रस्त्याजवळ राहणारे निवृत्त हेडक्लार्क एकनाथराव अशाच एका समितीचे संपादक होते. अकरा वर्षं खपून त्यांनी आपल्या घराण्याच्या एकोणीस पिढ्या शोधून काढल्या. त्यांत सात विद्वान, चार दानशूर आणि एक हत्तीवरून पडलेले (हत्ती राजाचा होता) असे पुरुष निघाले. दिवाळखोर किंवा मॅट्रिक नापास एकही निघाला नाही. बायका तर जवळजवळ निघाल्याच नाहीत. पुरुष बहुधा आपोआप जन्मले असावेत.

पुस्तक छापायला जाणार, एवढ्यात पुण्याच्या मुलीनं, देवयानीनं, वडिलांना वाढदिवसाला डीएनए तपासणीचा डबा पाठवला. समितीनं लगेच ठराव केला (सूचक एकनाथराव, अनुमोदकही तेच) की कुळाच्या शुद्धतेचा शास्त्रीय दाखला मुखपृष्ठावर छापावा. सूचनेप्रमाणे अर्धा तास चहा न घेता एकनाथराव नळीत थुंकले. इतक्या गांभीर्यानं सोलापुरात याआधी कुणी थुंकलं नसावं.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. त्यातले टक्केवारीचे रंगीत गोल त्यांना कळले नाहीत. शेवटची ओळ मात्र कळली : ‘सर्वांत जवळचा जुळणारा नातलग – बिरदेव, तालुका सांगोला. बहुधा पणजोबा एकच.’

एकनाथरावांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. पहिल्यात नळ्यांची अदलाबदल झाल्याची शंका होती, दुसऱ्यात खात्री आणि तिसऱ्यात तसं लेखी देण्याची विनंती. तिन्हींना एकच उत्तर आलं : ‘नव्या नातलगाचं अभिनंदन!’

चौथं पत्र लिहीत असतानाच बिरदेव दारात उभा राहिला. साठीचा, मेंढरं राखणारा माणूस. डोक्याला पटका, हातात तसाच अहवालाचा कागद. त्याची मुलगी सोनाली कॉलेजात डीएनएचाच विषय शिकत होती आणि तिनं अभ्यासासाठी बापाची लाळ पाठवली होती.

“एकनाथराव हितंच ऱ्हात्यात न्हवं?” त्यानं विचारलं.

दार एकनाथरावांच्या पत्नी यशोदाबाईंनी उघडलं होतं. जे नाक चाळीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकावर मुरडलं जात होतं, ते पटक्याखाली जसंच्या तसं होतं.

“अहो, बाहेर या,” त्यांनी हाक मारली, “तुमचं नाक आलंय.”

“कागदात चूक आहे,” एकनाथराव बाहेर येतायेताच म्हणाले.

“व्हय, आमची भावकी बी त्येच म्हणतीया,” बिरदेव म्हणाला. “लई तापल्यात समदी. आपल्या रक्तात ह्ये कुटनं शिरलं, म्हणत्यात. तुमी लिहून द्या की, आपलं काय नातं न्हाय म्हणून.”

एकनाथराव दुखावले. आपल्याला कुणी नाकारू शकेल, ही शक्यता एकोणीस पिढ्यांत कुणाच्या लक्षात आली नव्हती.

“का? आमच्यात काय कमी आहे?”

बिरदेव संकोचला. “कमी न्हाय वो. पर तुमच्यात एक मेंढरू सुदीक कुणाला वळता येत न्हाय, असं आमचं म्हातारं म्हणतंय.”

यशोदाबाईंनी हसू आवरत दोघांची पानं वाढली. जेवताना दोघांनीही भाजीतले शेंगदाणे वेचून ताटाच्या कडेला लावले (सोलापुरात हा दोष दुर्मीळ आहे). एकनाथरावांनी दोन्ही ताटांच्या कडा पाहिल्या. अकरा वर्षं कागदांत धुंडाळलेला नातलग पहिल्यांदाच समोर बसून भाकरी मोडत होता.

“पणजोबांचं नाव काय तुमच्या?” त्यांनी हळूच विचारलं.

“म्हाईत न्हाय.”

“आमच्या पणजोबांचं आहे माहीत,” एकनाथराव म्हणाले. “म्हणजे, आज सकाळपर्यंत होतं.”

नातं नसल्याचं पत्र त्यांनी लिहिलं नाही. उलट पान दोनशे चौदावर बिरदेवची नोंद घातली. समितीनं तातडीची सभा घेऊन ती काढली आणि संसर्ग नको म्हणून एकनाथरावांचीही काढली. पुस्तक दिमाखात निघालं. संपादक म्हणून ‘एक हितचिंतक’ असं छापलं. तिकडे भावकीनं बिरदेवला पंगतीचं आवतण देणं बंद केलं. तेव्हापासून बिरदेव बाजाराला आला की एकनाथरावांकडेच जेवतो. दोघांनाही दुसरीकडे कुणी बोलावत नाही.

या हकिकतीत कुणाचंही आडनाव किंवा जात लिहिलेली नाही. ज्या वाचकांनी ती वाचतावाचताच मनाशी भरून टाकली, त्यांनी समितीकडे अर्ज करावा. संपादकाची जागा रिकामी आहे.