सासूबाईंचं गाव आणि माझा नवा लॅपटॉप

बिघडलेली वस्तू माझ्या हाती द्यावी आणि खुशाल पाय ताणून झोपावं, असं माझ्याबद्दल अजून कुणी म्हणालेलं नाही. पण म्हणायला काहीच हरकत नाही! मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसतो. दिवसभर अडकलेल्या माणसांचे फोन घेतो. "घाबरू नका, माणूस निघालाय," हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणतो, असं बायको सांगते. एवढ्या वर्षांच्या अनुभवातून मी एक सिद्धान्त काढलाय. कुठलंही यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, की ते सुतासारखं सरळ येतं. लिफ्ट काय, कॉम्प्युटर काय, मिक्सर काय!

"मिक्सरचं नाव काढू नकोस," बायको म्हणाली.

विषय निघाला होता सासऱ्यांवरून. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले, ते कपड्यांची एक बॅग आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन. त्याचा मॉनिटर म्हणजे पेटाराच! चादरीत गुंडाळून आम्ही दोघांनी तो जिन्यावरून हळूहळू वर आणला, तेव्हा शेजारच्या बाईंनी दार किलकिलं करून हात जोडले आणि दबक्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

तो कॉम्प्युटर आमच्याकडे एकदाच चालू केला. 'फट्' असा आवाज झाला आणि त्यानेही डोळे मिटले. तेव्हापासून सासरे खिडकीशी बसून असत. जेवायला हाक मारली की यायचे, ताटात असेल ते संपवायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि परत खिडकीशी. ज्या दिवशी मी भाजी करपवली, त्या दिवशीही "छान झालंय"! माणूस इतका गोड बोलायला लागला की समजावं, त्याचं कशातच लक्ष नाही.

एकदा जेवताना मात्र ते आपणहून म्हणाले, "त्यात तिचं गाव होतं."

"कशात, बाबा?"

"त्या डब्यात."

मग बायकोने उलगडा केला. सासूबाई रोज दुपारी कॉम्प्युटरवर गाव वसवायचा गेम खेळायच्या. रस्ते आखायचे, घरं बांधायची, झाडं लावायची. वर्षानुवर्षं एकच गाव! शेजारी स्टूल टाकून सासरे बसायचे. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांचं काम फक्त नावं ठेवायचं. "हा रस्ता वाकडा झालाय." "शाळेसमोर दवाखाना कशाला?" सासूबाई म्हणायच्या, "माझं गाव आहे, मी बघेन." असा त्यांचा संसार दुपारी दोन तास जोरात चालायचा.

मी ताटावरून उठून जाहीर केलं, "बाबा, येत्या रविवारी तुम्हाला गाव दाखवतो! माझ्या नव्या लॅपटॉपवर!"

सासऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. दोन्ही नजरांत फार फरक होता.

दुसऱ्या दिवशी जुन्या डब्यातली हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरच्या दुकानात नेली. दुकानदाराने कानाला लावून ऐकली आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "शेवटच्या घटका मोजतेय," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने पेनड्राइव्ह हातात ठेवला. "गेम आणि सेव्ह केलेलं गाव, तेवढं निघालं. डिस्क गेली. आता ही एकच प्रत आहे, लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा."

"हो हो," मी म्हणालो. अडकलेली माणसं फोनवर सविस्तर हकीकत सांगायला लागली की मी जसं "हो हो" म्हणतो, तसं.

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला आणि गेमवर क्लिक केलं. लॅपटॉपने स्वच्छ सांगितलं, हे माझ्याच्याने होणार नाही. मी बंद करून पुन्हा चालू केला. त्याने पुन्हा तेच सांगितलं, फक्त या वेळी जरा तुसडेपणाने, असं मला वाटलं.

आपण अजून जुन्याच कॉम्प्युटरवर आहोत, असा गेमचा गैरसमज करून द्यायची लॅपटॉपमध्ये एक सोय असते. ती लावली. स्क्रीन काळा झाला आणि एकदम सुरुवातीचं संगीत सुरू झालं! टिंग टिंग टुंग, गावजत्रेतल्या पाळण्यासारखं. मी "झालं!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे दारात येऊन उभे राहिले. केस विंचरून आले होते!

त्याच क्षणी संगीत बकरीसारखं बें करून थांबलं आणि गेम बंद पडला.

"जरा वेळ लागेल, बाबा."

"असू दे, असू दे," म्हणून ते परत गेले.

तो आठवडा कसा गेला म्हणून सांगू! एकदा गेम टपाल तिकिटाएवढ्या चौकोनात उघडला. एकदा सगळे रंग बिघडले, आकाश जांभळं आणि गवत लाल! एकदा लॅपटॉपचा पंखा असा घुमला की बायको गॅस बंद करून आली. आणि दरवेळी आधी ते टिंग टिंग टुंग, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दारात सासरे, केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. मग बकरी. मग "असू दे, असू दे."

चौथ्या-पाचव्या वेळेला मी स्पीकरवर उशी दाबून धरली. तरी ते आलेच. म्हणाले, "वाजलं नाही आज?"

इंटरनेटवर उपाय शोधले. जगभरातले लोक याच गेमने हैराण झालेले! एकाने अगदी माझंच दुखणं लिहिलं होतं. मी श्वास रोखून खाली वाचत गेलो. खाली त्यानेच पुढे लिहिलं होतं, 'सुटला प्रॉब्लेम. आभार.' कसा सुटला ते नाही! असल्या माणसाला लिफ्टमध्ये अडकवावं आणि आपण फोन उचलू नये.

ऑफिसातही डोक्यात तेच. एका बाईंचा फोन आला, "अहो, लिफ्ट मधेच थांबलीय, सगळा काळोख झालाय!"

मी तंद्रीत म्हणालो, "काळोख होतोय ना? रंग कमी करा आणि खिडकी छोटी करून बघा."

"लिफ्टला खिडकी कुठेय?"

"मग जुन्या पद्धतीने चालवा."

बाईंनी जुन्या पद्धतीने म्हणजे दारावर लाथा मारल्या. दार वाकलं. साहेबांनी मला आत बोलावलं आणि फार शांत आवाजात बोलले. साहेब शांत बोलले की घाम फुटतो.

अखेर शनिवारी कुण्या परक्या देशातल्या भल्या माणसाने बनवलेली एक छोटी फाइल मिळाली. ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकली आणि काय आश्चर्य! टिंग टिंग टुंग पूर्ण वाजलं. बकरी नाही! पडद्यावर सासूबाईंचं गाव लखलखीत उभं राहिलं. मी लगेच बंद केलं. उद्या थाटात उघडू, सगळ्यांसमोर!

कॉपी? कॉपी करायची राहिली. पेनड्राइव्हवरून झकास चालत होतं की!

रविवारी मोठी मेहुणी आणि साडू आले. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्यांना मधली खुर्ची दिली आणि क्लिक केलं.

गाव उघडलं. मधोमध तळं, तळ्याभोवती झाडं, लाल कौलांची घरं. सासूबाईंनी घरांवर इंग्रजी अक्षरांत पाट्या लावल्या होत्या. 'थोरली', 'धाकटी'. तळ्याकाठी 'हे'.

"हे म्हणजे कोण?" साडूंनी विचारलं.

"मी," सासरे म्हणाले.

माझं घर शोधलं तर ते गावाबाहेर निघालं, कचरा डेपोला लागून. पाटी स्पष्ट होती, 'धाकटा जावई'. साडूंचं घर चौकात, बागेसमोर! सगळे हसले. आणि मंडळी, सासरे हसले! खांदे हलवून हसले. बायकोने पदर डोळ्यांना लावावा तशी ओढणी लावली. मला वाटलं, जिंकलं! एवढ्यावर थांबलो असतो तर!

पण गाव निश्चल होतं. माणसं रस्त्यात पाय उचलून उभी, पक्षी हवेत थिजलेले. कोपऱ्यात एक घड्याळ होतं, थांबवलेलं. मी ऐटीत म्हणालो, "आता बघा हं, गाव चालू करतो!"

सासऱ्यांनी हात वर केला. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मला वाटलं, मन भरून आलंय, आशीर्वाद देतायत. मी वाकून नमस्कार केला आणि घड्याळ दाबलं.

जुन्या कॉम्प्युटरवर त्या गावातलं वर्ष सरायला अख्खी दुपार लागत असेल. माझा लॅपटॉप तरणाबांड! त्याने एका दमात दहा वर्षं ओलांडली. वर कोपऱ्यात साल टॅक्सीच्या मीटरसारखं पळायला लागलं. झाडं हिरवी, बोडकी, हिरवी, बोडकी. माणसं मुंग्यांसारखी घरांत शिरली आणि बाहेर आलीच नाहीत. शाळेला कुलूप. दवाखान्याला कुलूप. कुठेतरी आग लागली, बंब निघाला, पोचेपर्यंत घर जळून त्यावर गवत उगवलं.

"थांबव ना!" बायको किंचाळली.

"थांबवतोय!" मी घड्याळावर नेम धरून क्लिक केलं, तोवर पडद्यावर कसलीशी सूचना आली आणि क्लिक तिच्यावर बसलं. तळ्याचा बांध पाडू का, असं ती विचारत होती. मी 'हो' म्हटलं होतं.

तळं वाहून गेलं.

"अहो, आई गेली तेव्हासुद्धा तुम्ही अशीच घाई केली होती!" मेहुणी रडत साडूंना म्हणाली. त्याचा इथे काय संबंध, ते साडूंनाही कळलं नाही, पण त्यांनी मान खाली घातली.

आठवडाभर ज्या गेमने काडीचा तग धरला नाही, तो आता बंद पडेल तर शपथ! मी देवाला विनवलं, पाड बाबा बंद, वाजव बकरी! छे! वायर उपटली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालू. दर वर्षाअखेरीस गेम आपोआप गाव सेव्ह करत होता, म्हणजे जुनं गाव पुसून त्यावर नवी पडझड लिहीत होता. शेवटी मी पेनड्राइव्हच ओढून काढला. स्क्रीन काळा झाला. त्यात आमचे सगळ्यांचे चेहरे दिसले.

पेनड्राइव्ह पुन्हा लावला. गाव उघडलं. करडी जमीन, पडकी घरं, तळ्याच्या जागी खड्डा. खाली लिहिलं होतं, लोकसंख्या शून्य.

 मग सासरे म्हणाले, "ती कधी चालू करायची नाही. घड्याळ थांबवूनच बांधायची सगळं. म्हणायची, चालू केलं की माणसं म्हातारी होतात."

"मग मघाशी सांगितलं का नाही, बाबा?" मी कसाबसा म्हणालो.

"हात वर केला होता," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मेहुणी चहा न घेता गेली. जाताना उंबऱ्यात म्हणाली, "आई दुसऱ्यांदा गेली." बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. शेजारच्या बाई रडणं ऐकून आल्या होत्या, त्यांना काय झालं ते समजावता समजावता मी थकलो. त्या म्हणाल्या, "सगळं गाव गेलं? पूर आला होता का?" मी "हो" म्हणालो. खोटं तरी कुठे होतं!

नंतरचे दिवस सासरे जेवायला येत आणि "छान झालंय"सुद्धा म्हणत नसत. मी ऑफिसातून आलो की कोपऱ्यात बसून गेमचा वेग आवरायचा उपाय शोधायचो. कशासाठी, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. मेलेल्या माणसाचं ब्लड प्रेशर नीट करण्यातला प्रकार! आणि एका संध्याकाळी ते जमलं. ओसाड गावात घड्याळ अगदी रमतगमत चालायला लागलं. मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला तोंड होतं कुठे?

सासरे पाणी प्यायला बाहेर आले होते. भांडं हातात घेऊन माझ्या मागे थांबले. मी लॅपटॉप मिटायला गेलो.

"राहू दे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "घर कसं बांधतात?"

मी उठून खुर्ची दिली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला, तोही साबणाची वडी निसटेल अशा बेताने. पहिला रस्ता आखला. तो सासूबाईंच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा वाकडा झाला. त्याच्या टोकाला एक घर बांधलं. काही वेळाने एक मोटार आली. दोन माणसं उतरली आणि सामान घेऊन घरासमोर उभी राहिली.

"हे कोण?"

"कुणी नाही, बाबा. गेमच पाठवतो."

"म्हणजे ओळखीचं कुणीच नाही त्यांचं इथे," ते म्हणाले. मग त्यांनी घरासमोर एक झाड लावलं.

मी भीत भीत विचारलं, "घड्याळ थांबवू का? नाहीतर ही माणसं..."

"असू दे चालू. तिच्या गावात मी कधी संध्याकाळ बघितली नाही."

आम्ही बसून राहिलो. त्या गावातलं ऊन जागचं हलत नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, बोलली नाही, पण गेलीही नाही. सासऱ्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "फार हळू चालतंय हो. जरा जोरात नाही का होणार? माझं वय बघा!"

मला हसू आलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, तर ते गंमत करत नव्हते.

वेग वाढवायचं बटण कीबोर्डवर माझ्या बोटाखालीच होतं. मी ठासून सांगितलं, "नाही हो, बाबा. यापेक्षा जोरात मला जमतच नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला एकूणच जमत नाही, जावईबापू," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून संध्याकाळ व्हायची वाट बघत बसले.