अंगठीला दोन सूत लूजिंग

विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ‘अगं, तुझ्या बोटाचं माप दे,’ एवढंच म्हणायचं. पण मास्तरांनी ठरवलं, विचारायचं नाही. आणि मास्तरांनी एकदा ठरवलं की मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. रस्त्याच्या वळणावर दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि गळ्यात चोवीस तास टेप (आंघोळीला जाताना काढत असावेत, असा अंदाज आहे). गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर आणि उंची मास्तरांच्या डोळ्यांनी मोजून झालेली असे. टेप लावायची ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बायकोला तर त्यांनी कधी टेप लावलीच नाही. पंचवीस वर्षं तिचे ब्लाऊज नुसत्या नजरेनं शिवले, आणि एकही चुकला नाही. तिने कधी अवाक्षर काढलं नाही, याहून मोठा पुरावा कुठला? हे ते गिऱ्हाइकांना सांगत, शेजाऱ्यांना सांगत आणि कुणीच नसलं तर शिलाई मशीनला सांगत.

अंगठीची गोष्ट मात्र त्यांना सांगवत नसे. लग्नाला सहा महिने झाले होते, पहिलं मशीन घ्यायचं होतं आणि हातात काही नव्हतं. तेव्हा बायकोने बोटातली अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली होती. “पुढच्या वर्षी नवी करू,” मास्तर म्हणाले होते. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. ती भांडली असती, टोमणे मारले असते, तर बरं झालं असतं. ती एका शब्दाने बोलली नाही, म्हणूनच मास्तरांना तिच्या रिकाम्या बोटाकडे बघायची लाज वाटायची.

येत्या रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. यंदा अंगठी करायचीच. आणि न विचारता करायची. अख्ख्या वस्तीची मापं ज्याला तोंडपाठ, त्याने स्वतःच्या बायकोला बोटाचं माप विचारायचं म्हणजे दुकानाला कुलूपच लावायचं की!

सोमवारी सराफाने साधाच सल्ला दिला. “वहिनींना घेऊन या.”

“मग सरप्राइज कसलं राहिलं?”

“मग माप आणा.”

“माप?” मास्तर हसले. “तुम्ही मला माप आणायला सांगताय?”

मंगळवारी दुपारी मास्तरीणबाई (गिऱ्हाइकं तिला असंच म्हणत) बँडवाल्यांच्या कोटांना हाताने टाके घालत बसली होती. जाडजूड लाल कापडाचे बारा कोट, शनिवारी द्यायचे होते. मास्तर टेप सरसावून पुढे झाले.

“जरा हात दे बघू. हातमोज्यांची ऑर्डर आलीय.”

“आपण हातमोजे कधीपासून शिवायला लागलो?”

“आजपासून.”

“बाईचे की पुरुषाचे?”

एवढ्या खोलात मास्तर गेलेच नव्हते. “पुरुषाचे,” ते बोलून गेले.

“मग माझा हात कशाला? तुमचे दोन आहेत ना?”

मास्तरांनी निमूटपणे स्वतःचा डावा हात उजव्या हाताने मोजला आणि वहीत लिहूनही घेतला. काय करणार, ती बघत होती.

तेवढ्यात त्यांना तिच्या बोटातली पितळी टोपी दिसली. अंगुस्तान! जाड कापडातून सुई रेटताना टोचू नये म्हणून शिलाईवाले बोटात घालतात, ते. लग्नापासून ती हेच एक अंगुस्तान वापरत होती. मास्तरांना आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की ते मागच्या खोलीत जाऊन आरशात बघून आले.

बुधवारी सकाळी ती पाणी भरायला गेली आणि मास्तरांनी टाक्यांच्या डब्यातून अंगुस्तान खिशात टाकलं. सराफाच्या पायरीवर त्यांनी ते पुसायला काढलं, तर आत मळकट चिंधीचा बोळा. ‘काय हे, किती कचरा साठू देते,’ म्हणत त्यांनी तो बोटाने उकरून गटारात फेकला आणि अंगुस्तान लख्ख करून काउंटरवर ठेवलं.

सराफाने ते मापाच्या कड्यांशी ताडून बघितलं. भुवई उंचावली. “वहिनींची बोटं चांगली दणकट दिसतायत.”

“कष्टाचा हात आहे,” मास्तर अभिमानाने म्हणाले. “आणि हो, दोन सूत लूजिंग सोडा.”

“काय सोडा?”

“लूजिंग हो. ढिलेपणा. अंगाला चिकटून काही शिवू नये. माणूस पुढेमागे जाड होतो.”

“मास्तर, ही अंगठी आहे. विजार नाही.”

“मापातलं मला शिकवू नका,” मास्तर म्हणाले. सराफाने खांदे उडवून लिहून घेतलं. कारागिराला दाखवायला अंगुस्तान शनिवारपर्यंत ठेवूनही घेतलं.

घरी हलकल्लोळ माजला होता. मास्तरीणबाईने टाक्यांचा डबा उलटा केला होता, बटणांचा डबा उलटा केला होता आणि आता ती मशीनखाली आडवी होऊन शोधत होती.

“अंगुस्तान सापडत नाही हो!”

“असेल इथंच,” म्हणत मास्तरही जमिनीवर आडवे झाले. शोधण्याचा आव त्यांनी इतका झकास आणला, की जाताजाता त्यांना वर्षापूर्वी हरवलेली कात्री सापडली.

“माझं घे ना,” त्यांनी उदारपणे स्वतःचं अंगुस्तान पुढे केलं.

“मग तुम्ही कशाने शिवणार? शिवाय ते माझ्या बोटात गरागरा फिरतं.”

(इथं कुठल्याही माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. मास्तरांच्या पडला नाही.)

अंगुस्तानाशिवाय कोट सुरू झाले. सुई कापडात शिरायची नाही, पण बोटात बरोबर शिरायची. दुकानं पालथी घातली, तिच्या बोटाचं अंगुस्तान मिळेना. शनिवारी संध्याकाळी बारा कोट गेले, तेव्हा तिच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. मास्तरांचा जीव तुटत होता. दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागितला.

रविवारी कॉलेजातली मुलगी घरी होती. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, घसा साफ केला आणि डबी पुढे धरली. “घे. पुढचं वर्ष उजाडलं एकदाचं.”

मास्तरीणबाईने डबी उघडली आणि तिचे डोळे भरून आले. “तुमच्या लक्षात होतं?” एवढंच ती म्हणाली. मास्तरांना वाटलं, मशीन, दुकान, सगळं आज फिटलं.

मग तिने अंगठी बोटात घातली. अंगठी सरळ बुडाशी जाऊन टेकली आणि हात खाली करताच टणकन फरशीवर पडली. मधल्या बोटातून पडली. पट्टीवरूनसुद्धा पडली. अंगठ्यात घातली, तिथं ती भोवऱ्यासारखी फिरली.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “ही कुणाच्या मापाची?”

“आईच्याच! पक्कं माप दिलंय!” मास्तरांनी खिशातून पुरावा काढला.

मास्तरीणबाईने पुराव्याकडे पाहिलं, मग आपल्या तीन पट्ट्यांकडे, मग नवऱ्याकडे.

“अंगुस्तान तुम्ही नेलं होतंत?”

“म्हणजे... सरप्राइज...”

“मी चार दिवस मशीनखाली लोळत होते! आणि आतली चिंधी कुठाय?”

“तो कचरा? टाकला.”

“कचरा? अहो, हे तुमचं अंगुस्तान! लग्न झाल्यावर आठव्या दिवशी तुम्हीच दिलंत, ‘घे, टाके घाल’ म्हणून. मोठं होतं, म्हणून मी चिंधी घातली.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, होईल सवय.”

मास्तर खाली बसले. तिने त्यांचा हात ओढला आणि अंगठी त्यांच्या मधल्या बोटात घातली. पंचवीस वर्षांत बोट जाड झालं होतं, त्यामुळे दोन सूत लूजिंगसकट ती अशी चपखल बसली, की काढायला साबण लागला.

“चुकलं माझं,” मास्तर साबणाच्या फेसाकडे बघत म्हणाले. “पण एक मान्य कर. बोटाचं चुकलं असेल, नजर कधी चुकली नाही. हाच ब्लाऊज बघ! टेप न लावता शिवलाय. कसा बसलाय?”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

“आई, सांगून टाक आता.”

“अगं, आजच्या दिवशी कशाला?”

“काय सांगून टाक?” मास्तरांनी विचारलं.

“ते समोर अल्टरेशनवाली आहे ना,” मास्तरीणबाई हळूच म्हणाली. “तुम्ही जेवायला बसलात की मी नेऊन देते. दोन्हीकडून दोन-दोन सूत आत घेते ती. पहिल्या ब्लाऊजपासून.”

त्या अल्टरेशनवालीला मास्तर आजवर ‘शिवणातलं काय कळतं तिला’ असं म्हणत आले होते. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि बायकोपुढे गुडघ्यावर बसले.

“हात दे.”

तिने दिला. शेजारचं पट्टीतलं बोट दुखू नये म्हणून त्यांनी टेप अलगद गुंडाळली, आकडा दोनदा वाचला आणि वहीचं कोरं पान काढून तिच्या नावाने लिहिला. पंचवीस वर्षांतलं तिचं पहिलं माप. तिने डोळे पुसले, तेही पदराला नव्हे, मास्तरांच्या इस्त्रीच्या शर्टाला.

“लूजिंग सोडू नका,” ती म्हणाली.

सराफ सोमवारीच उघडणार होता. पण एक दिवससुद्धा अंगठी काढून ठेवायला ती तयार होईना. तिने अंगठीच्या मागच्या बाजूला बँडवाल्यांचा उरलेला लाल दोरा घट्ट गुंडाळला आणि ती बोटात बसवली. सोमवारी दोघं सराफाकडे निघाले, तेव्हा अल्टरेशनवाली दुकान उघडत होती. तिने मास्तरीणबाईच्या हाताकडे, त्या दोऱ्याकडे पाहिलं आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“वहिनी, अंगठीसुद्धा मास्तरांनीच शिवली वाटतं?”