डाव्या हाती आयर्लंड, उजव्या हाती जपान

गावंडे काकांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात, आणि तरीही ते रस्त्यात कोणालाही थांबवून वेळ विचारतात. "काय वाजले जी?" माणूस आधी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहतो, मग उजव्या हाताकडे, मग त्यांच्या तोंडाकडे. डाव्या हातातलं घड्याळ आयर्लंडचं आहे, उजव्या हातातलं जपानचं. अकोल्याची वेळ त्यांच्याजवळ नाही. मी एकदा म्हटलं, काका, एक तिसरं घ्या. तर म्हणाले, "काहून? अकोल्याची वेळ सांगाले अकोल्यात मानसं हायेत ना."

यात आणखी एक भानगड आहे. मार्च संपत आला की आयर्लंडवाले आपली घड्याळं एक तास पुढे सारतात आणि ऑक्टोबरात पुन्हा मागे आणतात. जपानवाले असलं काही करत नाहीत. काकांनी मला हे कागदावर सूर्य काढून, त्याभोवती वर्तुळं काढून समजावलं. मी मान हलवत गेलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, किती वाजले, तर भिंतीवर समोर घड्याळ असून मला छातीठोक सांगता येईना.

काकांचं घर जठारपेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. फाटकावर पाटी आहे: 'आयर्लंड-जपान स्नेह मंडळ, अकोला. अध्यक्ष, दि. ना. गावंडे.' त्याखाली बारीक अक्षरांत, 'आंब्याची कलमे मिळतील.' मी त्या बारीक अक्षरांसाठी आत गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा हातात केसरचं कलम होतं आणि मी मंडळाचा सचिव झालो होतो. हे कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी पोस्टातला माणूस. पत्ता चुकला तर पत्र परत पाठवावं एवढी अक्कल मला आहे, पण स्वतःला परत पाठवायचं राहून गेलं.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "काका, आपल्या मंडळात आयरिश कोण आहे?"

"तुमी," काका म्हणाले.

"आणि जपानी?"

त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथं कूलरवाले जब्बारभाई बसले होते. हे पाहून मी उठायलाच लागलो होतो, कारण मी आणि जब्बारभाई दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. त्यांचं दुकान माझ्या घराला लागून. उन्हाळ्यात ते कूलर तपासायला रस्त्यावर मांडायचे आणि सगळं पाणी माझ्या दारात यायचं. मी तक्रार केली, तेव्हापासून कूलरची तोंडं माझ्या खिडकीकडे झाली. अकोल्याच्या मे महिन्यात फुकटचा गार वारा येतो म्हणून भांडणारा मी एकटाच असेन, पण भांडण ते भांडण.

काकांचा सगळा जन्म कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत गेला. आंब्याची भेट कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता असं लोक सांगतात. त्यात दोन झाडं तोडायची नसतात. कुंडीतलं रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीशी न्यायचं, दोघांची साल थोडी थोडी तासायची, आणि जखमेला जखम लावून सुतळीनं बांधायचं. दोन-अडीच महिने दोघं आपापल्या मुळांवर उभी राहतात आणि हळूहळू जोड धरतो. काका निवृत्त झाले आणि रोपवाटिकेचा हाच कायदा त्यांनी मंडळाला लावला. अर्धे सभासद आयरिश, अर्धे जपानी. प्रत्येक आयरिशाला एक जपानी बांधून दिलेला. त्या दोघांनी अडीच महिने रोज एकत्र चहा घ्यायचा.

"पण काका, आमचं जमत नाही," मी म्हटलं.

"जमते त्याईले बांधून काय करू? जखम पायजे. बिनजखमेचं कलम लागत नसते."

मग मी आणि जब्बारभाई रोज साडेपाचला चहाच्या टपरीवर उभे राहू लागलो. पहिला आठवडा दोघंही कपात पाहत राहिलो. आठव्या दिवशी जब्बारभाई म्हणाले, "चाय में शक्कर कम हाये." मी म्हटलं, "हो." त्यानंतर गाडी पुढे सरकली ती सरकलीच. दुसरा महिना लागायच्या आत त्यांनी स्वतः पाइप लावून कूलरचं पाणी नालीत सोडलं. मला वाईट वाटलं, कारण वाराही गेला. यानं आयर्लंड आणि जपान यांच्यात नेमकं काय घडलं, ते मात्र मला कोणी सांगितलं नाही.

मंडळाचे कार्यक्रम हा एक वेगळाच विषय आहे. दोन्ही देशांचं सहभोजन ठरलं तेव्हा काका म्हणाले, आयर्लंडले आलू लागतात, जपानले भात. म्हणून आम्ही चाळीस जणांनी आलूभात खाल्ला. वर ठेचा होता. तो कोणत्या देशाचा यावर वाद झाला आणि शेवटी तो यजमानांचा ठरला. अभिवादनाचाही नियम होता. आयरिशानं हात पुढे करायचा आणि जपान्यानं कमरेत वाकायचं. दोघांनी एकदमच केलं की आयरिशाचा हात जपान्याच्या टाळूवर पडायचा आणि आशीर्वाद दिल्यासारखं दिसायचं. तेल्हाऱ्याचे एक भाऊसाहेब मंडळातर्फे व्हिसा मिळतो अशा समजुतीनं सभासद झाले होते. ते वर्षभर वाकत राहिले.

एकदा एका पेपरवाल्यानं काकांना विचारलं, "यात भारत कुठं आहे?"

"भारत सुतळी हाये," काका म्हणाले.

पेपरवाल्यानं ते लिहून घेतलं आणि मग खोडलं.

आता मंडळाला हेच दोन देश का, हे काही गुपित नव्हतं. काकांची लेक वर्षा आयर्लंडात नर्स आहे आणि मुलगा नितीन जपानात कारखान्यात इंजिनिअर. लेकरं परदेशी गेली की आईबाप काही ना काही मिरवतात. कोणी फोटो मिरवतो, कोणी चॉकलेट वाटतो. काका देश मिरवतात, अशी माझी समजूत होती. फक्त एक गोष्ट मला खटकायची. काका लेकीशी बोलायचे तेव्हा जपानचं नाव निघायचं नाही. मुलाशी बोलायचे तेव्हा आयर्लंड नकाशातून पुसलेलं असायचं. फोन खाली ठेवला की लगेच, "हं, तं आयर्लंड-जपान मैत्रीचं काय ठरलं?" मी म्हणायचो, काही नाही. ते म्हणायचे, "मंग ठरवा ना."

शेवटी एका चहाला जब्बारभाईंनी मला सांगितलं. "वानखडे, तुमी सचिव असून तुमाले मालूम नाई? थे दोघं भाऊबहीन आपसात बोलत नाईत. माय वारली तवापासून. लेक विमानात होती, अन् पोरानं तिची वाट नाई पाहिली. अग्नी देऊन टाकला. ती आली तं फक्त राख होती." वर्षा तेव्हा अंगणात उभी राहून नितीनला एवढंच म्हणाली होती, की तू माझ्यासाठी तीन तास थांबला नाहीस, आता मी तुझ्यासाठी कधी थांबणार नाही. याला सहा वर्षं झाली होती.

त्या दिवशी माझा चहा कपातच गार झाला. मी आजवर या माणसाची इतकी टिंगल केली होती, आणि हा म्हातारा दोन घड्याळं, चाळीस माणसं आणि पातेलंभर आलूभात घेऊन आपली दोन लेकरं एकमेकांजवळ आणू पाहत होता.

जानेवारीत काकांनी स्नेहसंमेलन जाहीर केलं. विषयपत्रिकेत एकच विषय होता: 'दोन्ही देशांचे प्रतिनिधी एकाच वेळी पडद्यावर.' काकांनी सचिवाच्या सहीनं, म्हणजे माझ्या, दोन निमंत्रणं पाठवायला लावली. वर्षाला लिहिलं की आपण आयर्लंडच्या वतीनं दोन शब्द बोलावेत. नितीनला लिहिलं की आपण जपानच्या वतीनं. समोर कोण असेल ते दोघांनाही कळवलं नाही. मी म्हटलं, काका, ही फसवणूक आहे. ते म्हणाले, "साल तासल्याबिगर कसं लागन?" पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पुढचे आठ दिवस ते अध्यक्षीय भाषण लिहीत होते आणि फाडत होते. रोज सकाळी त्यांच्या फाटकाशी कागदाचे कपटे दिसायचे.

रविवारी चार वाजता कार्यक्रम. डाव्या हातात सकाळचे साडेदहा, उजव्या हातात संध्याकाळचे साडेसात. काकांच्या बैठकीत भिंतीवर पांढरी चादर ताणून समोर व्हिडिओ कॉलसाठी प्रोजेक्टर ठेवला होता. चाळीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. आयरिश खिडकीकडे, जपानी दाराकडे. आतल्या खोलीतून आलूभाताचा वास येत होता.

आधी चादरीवर वर्षा आली. हिरवी साडी नेसून, कागद हातात घेऊन. मग दुसऱ्या अर्ध्या भागात नितीन आला. दोघांनी एकमेकांना पाहिलं. वर्षाचा हात कॅमेरा बंद करायला पुढे आलेला मला स्पष्ट दिसला.

तेवढ्यात काका उठले. "अध्यक्षीय भाषन," त्यांनी जाहीर केलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि भाषण शेवटी होतं, पण मला कोण विचारतो. त्यांनी खिशातून कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला.

"वर्षा, बेटा, फोन बंद नोको करू. त्या दिवशी नित्या थांबाले तयार होता. तो म्हनला, बाबा, ताई येऊन राहिली, थांबू. मीच म्हनलं, थांबू नोको. ऊन लय होतं. लोक उभे होते. मले तुया मायकडं पाह्यल्या जात नोतं. मले लवकर आटपाचं होतं. तू त्याले बोलली, तवा मी बाजूलेच उभा होतो. मी काई बोललो नाई. त्यानंही माहं नाव सांगतलं नाई. सहा वर्सं झाली. एवढंच माहं भाषन हाये."

काय ऐकलं, हे बहुतेकांना उमगलंच नाही. तेल्हाऱ्याच्या भाऊसाहेबांना हा जपानच्या इतिहासातला प्रसंग वाटला असावा, कारण त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मंडळात भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या असं ठरलेलंच होतं. काका त्या टाळ्यांमधून वाट काढत बाहेर गेले. जब्बारभाईंनी इकडे तिकडे पाहिलं, आणि "चला जी चला, आलूभात गार होऊन राहिला" म्हणत सगळ्या आयरिश-जपान्यांना आतल्या खोलीत हाकलून दार लोटून घेतलं.

चादरीसमोर मी एकटा उरलो. जावं की थांबावं कळेना. सचिवानं अशा वेळी काय करायचं ते कुठं लिहिलेलं नाही.

मग वर्षा म्हणाली, "नित्या, तू काहून नाई सांगतलं?"

नितीन खाली पाहत होता. "मी तं चालला जानार होतो ताई. बाबाले इथं एकट्यानं राह्याचं होतं. तू त्याईच्याशी बोलनं बंद केलं असतं तं त्याईचं कोन होतं? माह्याशी बंद केलं, चाललं."

वर्षानं हातातला कागद तोंडावर धरला. मी पाय न वाजवता बाहेर आलो.

काका स्वतःच्याच घराच्या पायरीवर परक्यासारखे बसले होते. आत काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. नितीन जे म्हणाला ते मला त्यांना सांगावंसं फार वाटलं, पण ते लेकीनंच सांगायला हवं होतं. मी शेजारी बसलो. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचे होते, म्हणून मी समोरच्या कुंड्या पाहत राहिलो.

"काका, आत चला ना," मी म्हटलं.

"नाई. एकदा बांधलं का मंग हात लावाचा नसते. घडी घडी पाह्यलं तं जोड हालते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "बोलून राहिले काय?"

"हो."

"काय वाजले?"

"पावणेपाच."

त्यांनी मान हलवली. आतून वर्षाच्या रडण्याचा आवाज आला, आणि त्यावर नितीन काहीतरी बोलला. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते. डाव्या हातात सव्वाअकरा होत होते आणि उजव्या हातात सव्वाआठ.

"आता काय वाजले?"

"पाचला दहा कमी."

त्या संध्याकाळी, अंधार पडेपर्यंत, त्यांनी मला आठ वेळा वेळ विचारली. मी आठही वेळा सांगितली.