दहाव्याचा गुलाल

"दहाव्याला गुलाल उधळतेत का हो?"

सविताचा प्रश्न दारातच आला आणि कल्याणचा काढता बूट पायातच राहिला. गेल्या वर्षी बैलगाडा शर्यतीत हात मोडून घेतल्यावर त्यानं बायकोची शपथ घेतली होती, पुन्हा तिथं फिरकणार नाही म्हणून. आज लांबच्या पाहुण्याच्या दहाव्याचं निमित्त सांगून तो सरळ शर्यतीला गेला होता. वाटेत तोंड हातपंपावर चांगलं घासून धुतलं होतं. आणि तरी त्याचा गुलालानं माखलेला फोटो सविताच्या मोबाईलात!

"माझ्या मोबाईलातला फोटू तुझ्याकडं कसा?" कल्याण चाट पडला.

"मला काय म्हाईत! मोबाईलवाल्या इम्रानभाऊनं जागा संपली म्हनून दोन्ही मोबाईल ढगाला, त्या क्लाउडला जोडलेत ना."

ढगबिग त्याला कळला नाही, पण पुरावा मात्र कळला. गोठ्यात जाऊन त्यानं आपल्या मोबाईलातले झाडून सगळे फोटो-व्हिडिओ न बघताच पुसले. हुश्श केलं, तोच घरातून किंकाळी आली.

"आईचा व्हिडिओ गेला हो!"

सविताची आई दिवाळीत वारली होती. तिचा तेवढा एकच व्हिडिओ होता. आपण काय करून बसलो, ते कल्याणला कळलं. सविताला मागं बसवून त्यानं शेवगावात इम्रानच्या दुकानापर्यंत गाडी पिटाळली.

"काका, दोघांचा ढग एकच हाय," इम्रान म्हणाला. "हिकडं पुसलं की तिकडं बी गेलं. पन घाबरू नका, कचरापेटीत सगळं ऱ्हातं."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर म्हातारी आली, "अगं बंद कर की ते!" म्हणून रागावली, आणि सविता ढसाढसा रडली. कल्याणचेही डोळे भरून आले.

म्हातारीच्या मागोमाग कचरापेटीतले बाकीचे फोटोही वर यायला लागले. एका फोटोत भंडारदऱ्याच्या पाण्यात नाव होती. नावेत बचत गटाच्या बाया, आणि मधोमध काळा गॉगल लावून, दोन्ही हात वर करून सविता! तारीख गेल्या मंगळवारची. त्या दिवशी ती प्रशिक्षणाला नगरला गेली होती आणि कल्याणनं दोन्ही वेळची धार काढून, करपलेलं पिठलं खाल्लं होतं.

"हे कसलं प्रशिक्षण?" कल्याणनं गॉगलवर बोट ठेवलं.

सवितानं पदरानं डोळे पुसले.

"इम्रानभाऊ, आदी आमचे ढग येगळे करा."

"लगेच करा," कल्याण म्हणाला.