गार्डसाहेबांचे दोन गाल

भर उन्हाळ्यात, दुपारी बाराच्या सुमारास, एक साठीचे धिप्पाड गृहस्थ सोलापूरच्या नव्या पेठेतून स्टेशनकडे चालत निघायचे. अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि हातात साखळीचं घड्याळ. डावा गाल लालभडक, उजवा गाल गुलाबी. टांगेवाले टांगा थांबवून बघायचे. गृहस्थ कुणाकडे बघायचे नाहीत. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि मग हातातल्या छोट्या आरशात आपले गाल.

हे चनबसप्पा गार्ड. गालांवरचे दोन्ही रंग माझ्या दुकानातले आणि आरसाही माझाच, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे. त्या माणसाने त्या उन्हाळ्यात माझ्या धंद्याचं जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. हे लिहून झाल्यावरही विसरणार नाही.

मी मंगळवेढ्याहून एसटीने सोलापुरात आले तेव्हा डोक्यावर एक पाटी होती. तीत रिबिनी, फण्या, टाचण्या. दारोदार हिंडून, दहा वर्षांनी कटलरीचं दुकान घातलं. बांगड्या, टिकल्या, पावडरी, गंगावनं, सगळं मिळायचं. भाव करण्यात माझ्यापुढे टिकेल असं पेठेत कुणी नव्हतं. गिऱ्हाईक पायरी चढताना मी त्याच्या चपला बघायचे आणि किंमत ठरवायचे. ती अर्ध्यावर येणार हे मला ठाऊक असायचं, त्यालाही ठाऊक असायचं. मग भांडायचं, शपथा घालायच्या, गिऱ्हाइकाने पाठ फिरवायची, मी हाक मारायची. लग्नातल्या विधींसारखं सगळं ठरलेलं.

चनबसप्पा भावच करेनात.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा होता. ते पहिल्यांदा आले आणि म्हणाले, "अक्का, गालाला लावायची लाली हाय काय?"

मी दोन डब्या पुढे ठेवल्या. "ही क्रीमची, साडेसहा. ही पावडरची, सहा." खरी किंमत निम्मी. मी पदर खोचून तयार झाले.

"बरं," ते म्हणाले.

बरं! आता यावर मी काय भांडणार?

"किमतीचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "वय झालेल्या कातड्याला यातली कुठली चालंल?"

"कुणाचं वय?"

"आमच्या मंडळींचं. अट्ठावन्न."

"दोन्ही चांगल्या आहेत. कुठलीही न्या."

"तसं नसतंय अक्का. एंजिन बघून डबे जोडावे लागतात."

चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीवर गार्डाची नोकरी केली होती. निवृत्तीनंतर होटगीचं घर सोडून ते सोलापुरात आले, पण मालगाडी काही त्यांच्या तोंडातून उतरली नव्हती. जेवायला बसले की 'गाडी फलाटाला लागली' म्हणायचे आणि पाहुणा लवकर उठेना की 'सिग्नल पडला न्हाय वाटतं.'

खरं सांगायचं तर लालीतलं मलाही काही कळत नव्हतं. मुंबईच्या एका फिरत्या विक्रेत्याने तो माल माझ्या गळ्यात मारला होता. त्याने सांगितलेलं मी म्हणून दाखवलं: क्रीम कोरड्या कातडीला, पावडर तेलकट कातडीला.

"आन सोलापूरच्या उन्हाला?"

याचं उत्तर विक्रेत्याने दिलं नव्हतं. चनबसप्पांनी मग उघड्या डब्यांतून बोटाने थोडं थोडं घेतलं आणि एकेका गालाला फासलं.

"अहो, स्वतःला काय लावताय?"

"माझं आन तिचं कातडं एकाच भट्टीतलं. अडतीस वर्सं एका घरात भाजतोय." आणि घड्याळ काढून म्हणाले, "बसवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी लेक येणार हाय. त्याच्या आत निकाल लागला पायजे. हितं चूक झाली तर पोरगी गाडीत बसायची न्हाय."

आईच्या गालाचा आणि लेकीने गाडीत बसण्याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष साडेबारा रुपयांवर होतं. तिथे माझी चूक झाली, हे मी कबूल करते. बाकी सगळ्या त्यांच्या.

त्या दिवसापासून रोज चाचणी. रोज माझ्या डबीतला नमुना, फुकट. दुकान ते स्टेशन, स्टेशन ते दुकान. परत आले की काउंटरशी उभे राहून खणखणीत आवाजात अहवाल द्यायचे.

"बारा पाच, सुटली. बारा वीस, पार्काच्या कोपऱ्यावर पावडर सुरकुत्यांत शिरली. बारा तीस, क्रीम जबड्यापाशी. बारा चाळीस, हनुवटी. राइट टाइम."

आणि खरंच, पावडरीने त्यांच्या उजव्या गालावर काळ्या रानाच्या भेगांसारख्या गुलाबी भेगा काढलेल्या असायच्या, आणि डाव्या गालावरचं क्रीम दाढीच्या खुंटांतून हनुवटीवर येऊन थेंबाने लटकलेलं असायचं.

एके दिवशी माझ्याकडे शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांचा निरोपसमारंभ होता, फोटो निघणार होता, त्यांना लाली हवी होती. साडेसहावरून आम्ही चारवर आलो होतो. बाईंनी दोनदा पाठ फिरवली होती, मी दोनदा हाक मारली होती. पाकीट उघडलं होतं. तेवढ्यात चनबसप्पा आत आले.

"बाई, जरा दमा," ते म्हणाले. "घ्यायच्या आधी हे बघा." त्यांनी आधी एक गाल दाखवला, मग दुसरा. "पावडर लावली तर लोक सुरकुत्या मोजतील. क्रीम लावलं तर हनुवटीखाली वाटी धरा."

बाई हसत हसत पायरीवर बसल्या. डोळे पुसले, पाकीट मिटलं आणि गेल्या. मी तिसरी हाक मारली. तिसऱ्या हाकेला गिऱ्हाईक परत आलं नाही, असं माझ्या दुकानात पहिल्यांदाच झालं.

"गार्डसाहेब!" मी ओरडले. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. "माझ्या दुकानात उभं राहून माझ्याच मालाची अब्रू काढता?"

"झालं ते सांगितलं."

"तक्रार असेल तर ती घरी बसून करा!"

ते शांतपणे इकडेतिकडे बघायला लागले. "तुमच्याकडं तक्रारवही न्हाय काय?"

"हे दुकान आहे, स्टेशन नाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली. तिला भोक पाडून सुतळी ओवली, काउंटरच्या खिळ्याला अडकवली, पेन्सिल बांधली आणि पहिली नोंद केली: 'क्रीमची लाली बारा चाळीसला हनुवटीवर आली. कारण: ऊन. जबाबदार: कोणी नाही. उपाय: चालू.' खाली सही.

'जबाबदार: कोणी नाही' हे वाचून मी ती वही लगेच फाडली नाही, एवढंच माझं चुकलं. आठ दिवसांत पेठेतल्या बायका तीत लिहायला लागल्या. आकडे वाकतात. टिकली दुपारी पडते. एका पानावर नुसतं 'अक्का लई ओरडतात' आणि खाली सात सह्या. त्यातली एक माझ्या सख्ख्या नणंदेची.

बसवजयंतीच्या आदल्या दिवशी मी भर दुपारी दुकान बंद केलं, वही खिळ्यावरून उपटली आणि रुळांपलीकडच्या त्यांच्या चाळीकडे निघाले. वाटेत सगळं भाषण जुळवलं होतं. अट्ठावन्नाव्या वर्षी नटायची हौस असलेल्या त्या बाईला चार शब्द सुनवायचे, वही तिच्यापुढे आपटायची आणि गालांचा हा तमाशा बंद करायचा.

गार्डसाहेबांच्या मंडळी, नीलव्वा, भिंतीला टेकून बसल्या होत्या. भिंत चुन्याची होती. तिच्यात आणि नीलव्वांत फरक एवढाच, की भिंतीला कुंकू नव्हतं.

"या अक्का," त्या म्हणाल्या. आवाज लांबून आल्यासारखा. "त्या वरडणाऱ्या त्या तुमीच व्हय?"

मी हळूच 'हो' म्हटलं. माझ्याकडून असं फार वेळा होत नाही.

"बसा की. पूस म्हैन्यापासनं अंगात रगतच ऱ्हायलं न्हाय बगा. डाक्टर गोळ्या देतोय, मी खातीया. दोगंबी दमलो." त्या हसल्या. तेव्हा दिसलं, नमुना त्यांच्यावरही लावून झाला होता: गालावर पावडरीच्या पुसट गुलाबी भेगा, अगदी गार्डसाहेबांच्या गालासारख्या. "आमची सुमंगला चार वर्सं दुधनीला सासूपाशी हाय. जावई तिकडं भिलाईला, कारखान्यात. एकला. आता कुटं क्वार्टर मिळाली. परवा ती हितं येणार, दुपारच्या गाडीनं दिरासंगं तिकडं जाणार. मला अशी बगितली तर ट्रंक खाली ठेवंल आन हितंच बसंल. लई हट्टी हाय, बापावर गेलीया."

"मग बसू दे की थोडे दिवस," मी म्हटलं.

"थोडं दिस?" नीलव्वांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तिकडं सासू म्हणंल, हिलाच जायाचं न्हाय. आन मी काय दोन म्हैन्यांत बरी होणारी हाय का? तिचा संसार माज्यापायी आडला तर मला सुकानं पडून तरी ऱ्हाता यील काय? मला फकस्त चार घंटे लाल दिसायचं हाय, अक्का."

वही माझ्या हातात होती. ती मी पदराखाली घेतली.

पण माझा संताप असा जागच्या जागी विझत नाही. तो मी दारात उभ्या चनबसप्पांकडे वळवला. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी विचारलं न्हाय."

"आणि चौतीस वर्षं गाडी हाकलीत, एवढी साधी अक्कल नाही? घामाच्या धारा लागल्यात तुम्हाला. कपाळावरचं भस्म तरी ढळलंय का? कसं टिकलं ते?"

"भस्म व्हय? ते ओलं करून लावतो की. कोरडं लावलं तर उडून जा..."

ते मध्येच थांबले. आपल्या उजव्या हाताची तीन बोटं त्यांनी डोळ्यांपुढे धरली.

मग मी दुकानातून दोन्ही डब्या घेऊन आले आणि आम्ही तिघांनी मिळून काम केलं. आधी क्रीम, पण एवढंसं, चोळून जवळजवळ पुसून टाकलेलं. वर पावडर, ओल्या बोटाने. भेगा बुजल्या. चनबसप्पा तसाच एक गाल घेऊन उन्हात स्टेशनपर्यंत जाऊन आले आणि परतल्यावर पाहिलं तर लाली होती तिथेच. रंग असा, की सकाळी पोटभर जेवून निघालेला माणूस वाटावा. वहीत त्यांनी एकच शब्द लिहिला: 'टिकली.'

दोन्ही डब्या मी सहा रुपयांत देऊ केल्या. आपणहून भाव उतरवायची ही माझी पहिलीच वेळ. तर म्हणाले, "साडेबारा सांगितलं हुतं. तिकीट छापलं की छापलं." साडेबारा देऊन मोकळे झाले. मला आयुष्यात एकदा चांगुलपणा करायचा होता, तोही त्यांनी करू दिला नाही.

ठरलं असं, की परवा सकाळी आठला मी जाऊन नीलव्वांना लाली लावायची, कारण लेक नऊच्या गाडीने येणार. पण सुमंगलेच्या दिराला ओळखीचा शेंगांचा ट्रक मिळाला. गार्डाची लेक मालट्रकने आली, आणि साडेसातलाच आली. दीर सामान घेऊन परस्पर स्टेशनवर गेला, ती एक ट्रंक घेऊन घरी आली.

मी आठला पोचले तेव्हा ती आईसमोर बसलेली होती. चनबसप्पा कोपऱ्यात घड्याळ हातात धरून उभे होते. ट्रकचा आवाज ऐकून त्यांनीच घाईघाईने लाली लावली होती. आधी क्रीम, वर ओली पावडर, सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त हात त्यांचा होता. रोज सकाळी तीन बोटं ओली करून आडवी ओढायची, एवढंच त्या हाताला येत होतं.

नीलव्वांच्या दोन्ही गालांवर तीन तीन लाल पट्टे होते. सरळ, सारख्या अंतरावर.

नीलव्वांना ते माहीत नव्हतं. आरसा माझ्या दुकानातला, तो चनबसप्पांच्या खिशात. त्या ताठ बसून, मान उंचावून लेकीला म्हणाल्या, "कशी दिसतीया मी?"

सुमंगलेच्या कपाळावर बापाने आल्या आल्या लावलेलं भस्म होतं. तेच तीन पट्टे, तेवढंच अंतर. तिने आईच्या गालांकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या बापाच्या हाताकडे. बोटांची टोकं अजून लाल होती. चनबसप्पांनी हात पाठीमागे नेला.

ट्रंक दारात होती.

"लई झ्याक दिसतीस की अव्वा," सुमंगला म्हणाली. "घाम तेवढा आलाय बग." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आईचा गाल टिपायला लागली. टिपत टिपत वरचा पट्टा मधल्यात मिसळला, खालचाही. एक गाल झाला, मग दुसरा. घाई नाही. "गालाला चांगला रंग आलाय. खातीस तरी काय?"

"मंगळवेढ्याची जवारी," नीलव्वा म्हणाल्या. एकदा माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. लेक फसली म्हणून त्या इतक्या खूश झाल्या, की त्यांच्या गालांवर थोडा त्यांचा स्वतःचाही रंग आला असावा.

सुमंगला जेवली. आईच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली. दुपारी टांगा आला. ती आईच्या पाया पडली, चटकन उठली आणि मागे न बघता बाहेर आली. ट्रंक तिने स्वतःच उचलली होती.

टांग्यात बसताना ती बापाकडे वाकली. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं.

"अप्पा, अव्वाला रोज लावत जावा," ती म्हणाली. "पर एकाच बोटानं लावा."

चनबसप्पांनी घड्याळ काढलं.

"टाइम झाला," ते म्हणाले.

गाडीला अजून दीड तास होता.