नकाराच्या कवायतीची हकीकत

स्वस्ति. टेक्सास प्रांतीं, पीकन फोर्क मुक्कामीं, फुटबॉलच्या हंगामांत, सरकारी हायस्कुलांत जो प्रसंग गुदरला तो पुढें लोक आपापल्या सोयीनें सांगतील, सबब जैसा जाहला तैसा, पदरचें न घालितां, येथें नमूद केला असे.

फौजबहाद्दर, शिटीधारी, राजमान्य राजश्री वेंडल टॅकेट कोच हे शाळेच्या फुटबॉल फौजेचे सेनापती. त्या मुलुखीं रीत ऐसी कीं, जो फौज चालवी त्याजकडेच आरोग्याचा तास. कां, तें कोणी पुसत नाहीं. ऐसियांत मुख्याध्यापिका लर्लीनबाई हॉब्ज यांचा हुकूम आला कीं, होमकमिंगचा, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांनीं गांवीं परतावयाच्या उत्सवाचा, सामना आणि रात्रीचा नाच तोंडावर आला, पोरें वयांत आलीं, तरी नाचाआधीं त्यांस संयम आणि नात्यांतलें शहाणपण शिकवून बंदोबस्त करणें, हयगय न करणें. कोचांचा चेहरा उतरला. कारण त्याच वर्गांत पहिल्या बाकावर त्यांची एकुलती कन्या डार्ला बसे, आणि तिजला नाचास नेणार तो कोल्बी रस्क, तिकडला फुटबॉल हातानेंही खेळतात, त्यांत चेंडू फेकण्यांत जिल्ह्यांत अव्वल, फौजेचा बिनीचा सरदार, तिच्या मागल्या बाकावर बसे.

तो कोल्बी मातबर. गांवची चाल अशी कीं, होमकमिंगास मुलानें मुलीस रेशमी शेवंती द्यावी, तीस गुडघ्यापावेतों फिती, घुंगरें आणि इवलीं अस्वलें लोंबावीं, आणि तिनें ती छातीवर मिरवावी. कोल्बीच्या मातोश्रींनीं महिनाभर खपून तीन फुलांची शेवंती सिद्ध केली आणि ती आगाऊच टॅकेटांच्या घरीं पोहोंचली, आणि दाराच्या आंतल्या खुंटीवर टांगली गेली, आणि तेव्हांपासून दार हललें कीं घरांत देवळासारखीं घुंगरें वाजत.

मग पहिली चढाई चिकटपट्टीची. हुकुमासोबत धड्यांची पुस्तिका आली, तींत मसलत लिहिली होती कीं, पट्टी एकाच्या दंडास लावावी, काढावी, दुसऱ्याच्या लावावी, म्हणजे तिचें चिकटणें उणें होतें, तैसेंच मनाचें, हें पोरांस आपसूक उमजेल. कोचांनीं कपाटांतून फौजेची पट्टी काढिली. परंतु त्या हातांस वीस वर्षें मुरगळलेले घोटे बांधण्याची संवय. एका पोराच्या दंडास लावावयाची ती त्यांनीं गुंडाळिली, आणि वरून थापटून पक्की केली. मग ती निघेना. शेवटीं कात्री आली आणि दंडावरचे केंस पट्टीबरोबर गेले. यावर मागून ट्रूडी नामें मुलीनें विचारलें, “म्हणजे कोच, एकदा जुळलं की कात्रीशिवाय सुटका नाही, असंच ना?” लष्कर हसत सुटलें. चढाई फसली.

मग कोचांनीं दुसरी मसलत केली, ती नकाराच्या कवायतीची. एकानें गळ घालावी, दुसऱ्यानें नाहीं म्हणावें, आणि गळ घालणारानें कारण न पुसतां माघार घ्यावी, हा कायदा त्यांनीं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि वातावरण हलकें राहावें म्हणून गळ घालण्यास डार्लास उभें केलें आणि नकारास कोल्बीस. डार्लानें हातची पुस्तिका बाकावर पालथी ठेविली.

“माझ्या आईनं महिनाभर बसून तुझ्यासाठी शेवंती केली,” ती कोल्बीच्याच तोऱ्यांत बोलली. “तीन फुलांची. अख्ख्या शाळेत आहे का कुणाकडे? आणि तुला नाचानंतर साधं माझ्या ट्रकमध्ये मागे यायला जड होतंय?”

वर्ग हसला. कोल्बीही हसला, पण त्याचे कान तांबडे जाहले.

“सगळेच जातात. का बाबाला घाबरतोस?”

येथें हसणें विरळ होत गेलें. पुस्तिकेंत शेवंती नाहीं, ट्रक नाहीं, हें कोचांच्या ध्यानीं आलें, आणि हातचा खडू मोडला.

“नाही,” कोल्बी पुटपुटला.

“नाही म्हणजे? कारण सांग.”

“मला नाही यायचं. बास.”

“बरं,” डार्ला म्हणाली आणि खालीं बसली. मग मागें वळून, आवाज न चढवितां, “एवढंच होतं, कोल्बी. बरं म्हणायचं.”

घंटा जाहली. कोणी उठलें नाहीं.

त्या सायंकाळीं सेनापतींनीं आपल्या ट्रकची चावी घेतली. बेत ऐसा कीं, रस्कांच्या दारीं जावें, सरदाराची सरदारी काढावी, त्याच्या बापासही चार शब्द सुनवावे. दार उघडलें, घुंगरें वाजलीं.

“कुठे निघालास, बाबा?” डार्लानें स्वयंपाकघरांतून विचारलें.

“रस्कांकडे. जरा बोलून येतो.”

“नको जाऊस.”

“अगं, तो पोरगा तुला—”

“मी बोललेय त्याच्याशी. आता तू नको.”

कोचांच्या ओठीं ‘कां’ आला. अवघी फौज ज्यांच्या शिटीवर धांवे, ज्यांस नाहीं म्हणावयाची पंचांचीही छाती नव्हती, ते हात दारावर ठेवून उभे राहिले. आपणच फळ्यावर काय लिहिलें तें त्यांस आठवलें. अंतःकरणीं घनघोर युद्ध जाहलें. त्याचा तपशील कोणास ठाऊक नाहीं.

“बरं,” ते म्हणाले आणि चावी खुंटीवर गेली.

पुढें डार्लानें शेवंती कोल्बीच्या मातोश्रींस स्वहस्तें परत केली आणि मेहनतीबद्दल आभार मानिले. कोल्बीनें शाळेच्या फाटकाशीं तिची माफी मागितली, ती अडखळत, परंतु पुरी. नाचास ती ट्रूडीसंगें गेली. सामना पीकन फोर्कनें सपशेल गमावला, आणि गांव अजून त्याचेंच दुःख करितें.

परंतु फत्ते जाहली ती मैदानावर नव्हे, टॅकेटांच्या उंबऱ्यावर, हें दफ्तरीं दाखल असावें. तोफा सुटल्या नाहींत. नौबत म्हणाल तर, त्या सायंकाळीं चावी ठेवून कोचांनीं दार लोटलें तेव्हां घुंगरें वाजलीं, तेवढीच.