लोखंडी कोंबड्याचा शेजारी

आमच्या गल्लीत बावीस घरं. त्यांतल्या एकोणीस घरांतल्या माणसांना देवरावभाऊंनी चिनी नावं ठेवली आहेत. मी लोखंडी कोंबडा. कितीही ओढा, एक पीस निघत नाही. चीनमध्ये कंजूष माणसाला असं म्हणतात. वर्गणीची मी पावती मागतो, एवढाच माझा गुन्हा.

देवरावभाऊ यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. चीन त्यांनी पाहिलेला नाही. त्यांची एकुलती एक लेक सुजाता पुण्याच्या कंपनीत चिनी दुभाषी आहे. वहिनी गेल्यापासून तिचा रोज संध्याकाळी फोन येतो आणि भाऊ तिच्याकडून एक शब्द मागून घेतात. "भाजीपाल्याचं चिनी मले नको. माणसाले काय म्हणतेत थे सांग."

आमचे माजी नगरसेवक 'भिंतीवरचं गवत', वारा येईल तिकडे झुकणारे. अर्धवट ज्ञानाचा कंपाउंडर 'अर्धी बाटली सिरका'. एकदा माझा भाचा नवी बायको घेऊन आला. मी दोघांमध्ये बसून त्यांना पोस्टाच्या व्याजाचे दर समजावत होतो. भाऊ खिडकीतून म्हणाले, "गजाननभाऊ, बल्ब बंद करा. दोन तास झाले." मी वर पाहिलं, दिवा बंदच होता. जोडप्यात अडून बसणाऱ्याला चिनी लोक बल्ब म्हणतात, हे मला जेवताना कळलं. भाचा फार हसला.

फोनवर बोलताना भाऊ बसत नाहीत. फाटकापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत शेहेचाळीस पावलं, मग परत. गेला महिनाभर मात्र फोन नसतानाही त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. कंपनी सुजाताला दोन वर्षांसाठी चीनला पाठवत होती. "बाबा हो म्हणाले तरच सही करीन," असं तिने ठरवलेलं. भाऊ रोज शब्द घ्यायचे आणि तिने विचारायच्या आत फोन कापायचे. मुदत संपायला एक दिवस उरला, तेव्हा तिने मला गळ घातली, "काका, तुम्ही तरी विचारा ना."

मी गेलो. "काय ठरवलं, भाऊ?"

"इचार करून राह्यलो."

"महिना झाला."

"तुमी महिनेच मोजा."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. "सांग बेटा, आजचा शब्द."

"आज आधी हो की नाही ते सांगा, बाबा."

"शब्द नसन तं फोन कायले केला?" भाऊ चालत राहिले.

"आहे एक. तिकडं लेकीला म्हणतात. अंगालगतची कापूस भरलेली बंडी."

भाऊ थांबले. फोन चालू असताना त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काहून?"

"थंडीत आईबापाला ऊब देते म्हणून."

"अन् यवतमाळात पंचेचाळीस डिग्रीत बापानं बंडी घालून काय करावं?"

ती हसली.

"जाशीन तिकडं थंडी किती पडते?"

"उत्तरेकडे आहे ते. शून्याच्या खाली जातं."

"मंग बंडी तिकडंच पाह्यजे. कर सही."

फोन त्यांनीच बंद केला आणि डीपीजवळ उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिकडचं घड्याळ आपल्याहून किती पुढं हाय?"

"अडीच तास."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे मी ताटावर बसीन, तवा थे जेवलेली राहीन," ते म्हणाले. "बरं हाय."